एका तासाचा फरक

१४ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते, म्हणून लिहिलं. आईचा गुडघा बरा आहे. गच्चीवरची टाकी गळत होती, प्लंबर येऊन गेला.

व्हिडिओ भेटी ठरवायच्या तुझ्या ॲपची दुरुस्ती परवा मी केली. आता प्रत्येक भेटीसोबत त्या गावाच्या टाइमझोनचं पूर्ण नाव साठतं. आधी आपल्या वेळेपासूनचा नुसता तासांचा फरक साठत होता. हे मी तुला हिवाळ्यातच ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "दादा, हा फरक कायमचा नसतो. मावशीच्या तिकडे, परदेशात, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. गावाचं नाव ठेवलं तर बदल आपोआप सांभाळला जातो." तू सगळ्यांदेखत म्हणालास, "एका तासानं काय आभाळ कोसळतंय?" सगळे हसले.

तिकडच्या हॉस्पिटलात मावशीच्या नर्सने आईशी ऑपरेशनआधीची व्हिडिओ भेट तुझ्याच ॲपवर ठरवली होती. तिकडच्या सकाळी दहाची. मधेच तिकडची घड्याळं पुढे गेली, आणि आईच्या फोनवर वेळ दिसली ती तासभर उशिराची. आई केस विंचरून, चष्मा पुसून बसली होती. व्हिडिओ सुरू झाला, तर समोर रिकामा पलंग आणि चादर बदलणारी नर्स.

"त्यांना आत नेलं," ती म्हणाली. "किती वेळ फोन हातात धरून होत्या. सारखं विचारत होत्या, ताई आली का?"

मावशी ऑपरेशनमधून परत आली नाही.

आणि तू आईला फोनवर काय सांगितलंस? "आई, तूच वेळ चुकीची वाचलीस." स्वतःच्या आईच्या माथी खापर फोडताना जीभ कशी रे झडली नाही तुझी?

आता ती दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा शेजारणीकडून वाचून घेते. काल म्हणाली, "मरताना ताटकळत ठेवलं मी तिला." मी खरं काय ते सांगितलं, ॲप उघडून दाखवलं. तर माझ्यावरच चिडली. "उगाच त्याच्यावर ढकलू नकोस. त्याला कळतं सगळं."

ती तुझंच ऐकेल, म्हणून हे पत्र. फोन करू नकोस. ये, तिच्यासमोर बस आणि "चूक माझी होती" असं म्हण. ते जमणार नसेल तर ऑफिसात माझ्या जागी दुसरं कुणी शोध.

आईने तुला आशीर्वाद कळवायला सांगितलेत. कळवले. माझ्याकडून काही नाही.

तुझी बहीण