त्रिकोणात न मावलेली गरज

सर, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तुम्ही फळ्यावर गरजांचा त्रिकोण काढला होता. तळाशी अन्न, वर सुरक्षितता, मग माया, मग मान, टोकाला स्वतःचं सार्थक. "खालचं भरल्याशिवाय माणूस वर बघत नाही," असं तुम्ही म्हणालात आणि पहिल्या बाकावर बसून मी ते शब्द न् शब्द उतरवून घेतलं. तेवढ्यात पैठणहून रोज एसटीनं येणारी ती मागून उठली. "आमच्याकडं तसं नाय झालं, सर. आम्ही पोरं शेजारच्या दारात उभं राहून टीव्ही बघायचो. एक दिवस त्यांनी दार लावून घेतलं. माझी आई पैठणी विणायला मागावर बसती, तिनं किती दिवस कोरडी भाकर खाल्ली, पण टीव्ही आणला." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खडू तिच्या हातात दिला आणि म्हणालात, "ये, आज तू शिकव." तास संपल्यावर मी तुम्हाला व्हरांड्यात गाठलं, हे अभ्यासक्रमात नाही म्हणून तक्रार केली. तुम्ही म्हणालात, "तुला पुस्तक पाठ आहे, तिला माणसं. तिच्याशेजारी बसत जा जरा." पहिला नंबर माझा यायचा, सर. मी तिच्याशेजारी एकदाही बसले नाही.

आता मी तोच त्रिकोण मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवते. तिची वाळूज रस्त्याला फ्रिज-वॉशिंग मशीनची तीन दुकानं आहेत. गेल्या महिन्यात आमच्या प्राचार्यांनी तिला व्याख्यानाला बोलावलं आणि परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ती उभी राहिली, हातात कागद नाही. म्हणाली, "एक बाई तीनदा येऊन फ्रिज बघून गेली. वीज किती खातो, ते विचारलं नाय. विचारलं काय, तर माझ्या जावेनं कुठला नेला? फ्रिजची गरज खरीच होती तिला. पण कुठला घ्यायचा, ते जावेनं ठरवलं." पोरं टाळ्या वाजवतायत, आणि मी खुर्चीत ताठ बसलेय. माझ्या तासाला कधी कुणी टाळी वाजवली नाही. तिला अडवायचं म्हणून मी विचारलं, "मॅडम, हे कुठल्या सिद्धान्तात बसतं?"

ती माझ्याकडं बघून मनापासून हसली. "अर्धं बसतं, अर्धं नाय. आपले सर पण हेच म्हणायचे. आजारपणात दर रविवारी फोन यायचा त्यांचा, या आठवड्यात लोकांनी काय नेलं गं?"

तुम्ही गेल्याचं मला पेपरातून कळलं होतं. आजारी होतात, हे त्या क्षणी कळलं.

घरी जाताना मी निराला बाजारात थांबले आणि तिच्या मनगटावर होतं तसंच घड्याळ घेतलं. नवऱ्यानं विचारलं, "तुझं बंद पडलंय का?" नव्हतं पडलं. उपाशी नाही, बेघर नाही, चारचौघांत मान आहे. मग ते घड्याळ कुठल्या पायरीवरचं, हे इतकी वर्षं शिकवूनही मला सांगता येईना. मला हवे होते ते रविवार, आणि ते ती आधीच घेऊन गेली होती.

हे पत्र कुठं टाकणार, सर. राहील माझ्याचकडं. पण तुमचा नंबर माझ्याजवळ होता. आधी तुम्ही फोन कराल, म्हणून मी थांबले होते.