तेवीस रेघांची लेन्स आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसायाने लेन्स डिझायनर, आता निवृत्त, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात जरा थरथरतो पण अक्षर लागते, आणि हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. समोर वकीलबाई बसल्या आहेत. "मुद्द्याचं तेवढं लिहा," असे त्या दोनदा म्हणाल्या. कागद माझा आहे, त्यामुळे मी सगळेच लिहिणार आहे.

कलम १. माझे स्वकष्टार्जित घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेची गच्ची, माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला मिळावे. ती बस चालवते. तिने हे काम धरले तेव्हा तिच्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला. माझ्या नोकरीच्या वेळी त्यांनी दोन महिने धरला होता, तेव्हा भाचीने आपण स्वस्तात सुटलो असे समजावे. न्हाणीघराचा नळ उजवीकडे फिरवल्यावर उघडतो. तो दुरुस्त करू नये, मला सवय आहे. पण तेव्हा मी नसेन म्हणा. बरे, करावा.

कलम २. आमच्या वडिलांचे चष्म्याचे दुकान होते. नंबर तपासायच्या भिंगांची त्यांची लाकडी पेटी माझ्याकडे आहे. दुकान भावाला मिळाले, पेटी मी मागून घेतली. ही पेटी मी भावाला परत देते. सोबत एक जुनी तक्रारही देते. मी तबकडी-यंत्रांच्या कारखान्यात लागले तेव्हा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, "आमची धाकटी गाण्यांच्या दुकानात आहे." दादा, मी गाण्यांच्या दुकानात नव्हते. मी तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी लेन्स बनवत होते. मनातून मात्र तुला मी केव्हाच माफ केले आहे, कारण माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तू तीन दिवस माझ्या उशाशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचलेस, आणि तेही मृत्युवार्ता वगळून.

कलम ३. बँकेतली शिल्लक तंत्रशाळेच्या लेथ विभागाला द्यावी. आकडा इथे लिहीत नाही. आकडा दिसला की दादा सल्ला देतो.

कलम ४. नऊ क्रमांकाचा पोलादी साचा लेथमामांना द्यावा. हे आमचे साचे कातणारे कारागीर. त्यांच्या लेथला हिऱ्याचे टोक असे आणि त्यांच्या जिभेलाही. या साच्याची हकीकत लिहिल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही, म्हणून लिहिते. वकीलबाईंनी हरकत नोंदवली आहे.

आम्हाला खिशात मावणारे यंत्र करायचे होते, जे छोट्या तबकडीवर आवाज लिहील आणि वाचील. सबंध यंत्राची जाडी पेन्सिलीएवढी. लिहिण्या-वाचण्याचे काम लेझरचे, आणि त्याचा किरण तबकडीवर सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक ठिपक्यात गोळा करायचे काम लेन्सचे. लेन्स माझी. लेझर ज्या एका सहकाऱ्याचा, त्यांना सगळे लेझरवाले म्हणत, मीही तेच म्हणते. वाचायचे काम झकास चाले. लिहायला घेतले की घोळ. लिहिताना लेझरचा जोर एकदम दसपट वाढवावा लागे, आणि जोर वाढला की त्याच्या प्रकाशाचा रंग डोळ्याला कळणारही नाही इतका सरके. रंग सरकला की किरण भलत्याच ठिकाणी गोळा होई, आणि तबकडीवर लिहिले जाण्याऐवजी सारवले जाई. मोठ्या यंत्रांत यावर दोन काचा जोडून उपाय करतात. आमच्याकडे दुसऱ्या काचेला जागाच नव्हती.

मी म्हणे, "तुमच्या लेझरला एका रंगात राहता येत नाही का?"

ते म्हणत, "तुमच्या लेन्सला रंगाचं एवढं वावडं कशाला?"

हे अकरा महिने चालले. एकदा या वादात ते शिंकले, चिमट्यातली लेन्स उडाली, आणि पांढऱ्या डगल्यांतले चौदा सुशिक्षित लोक दुपारभर फरशीवर रांगत होते. लेन्स त्यांच्याच बाहीवर सापडली. शेवटी मोठ्या साहेबांनी बजावले, "महिनाअखेरपर्यंत लिहून दाखवा, नाहीतर विभाग बंद." आम्ही चाळीस माणसे होतो. लेथमामांच्या मुलीचे लग्न ठरले होते. 

त्याच आठवड्यात लेथमामांचे हिऱ्याचे टोक झिजले आणि नवव्या साच्यावर गोल गोल बारीक रेघा उठल्या. मी त्यांना भरपूर बोलले. त्या साच्यातली लेन्स टाकून द्यायची म्हणून खिडकीत ठेवली. तिच्यातून ऊन आले आणि भिंतीवर रंगांचे एक कडे पडले. मग मला सुचले की या रेघा मुद्दाम, मोजून काढल्या तर त्यांची चूक उलट्या दिशेची असेल, आणि लेन्सच्या चुकीला ती खाऊन टाकील. आठ दिवस हिशेब केला. तेवीस रेघा निघाल्या.

लेथमामा म्हणाले, "बाई, जन्मभर रेघ नको म्हणून डोकं खाल्लंत, आता तेवीस मागताय? तब्येत बरी आहे ना?"

पण त्यांनी त्या कातल्या, एकीचीही कड न मोडता.

कलम ५. चाचणीची तबकडी आणि ती वाजवणारे यंत्र भाचीकडे राहावे, आणि मला निरोप देताना वाजवावे. गंभीर संगीत लावू नये. तेवीस रेघांची लेन्स बसवली त्या दिवशी यंत्र सुरू आहे आणि आवाज लिहीत आहे हे आमच्या लक्षात आले नव्हते. साहेबांसमोर वाजवले तेव्हा स्वच्छ, खणखणीत ऐकू आले ते माझे आणि लेझरवाल्यांचे भांडण, तेही माझ्या "तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं" या वाक्यासकट. एकही अक्षर पुसले गेले नव्हते. साहेबांसकट चाळीस माणसे पोट धरून हसली. विभाग पुढे सतरा वर्षे चालला. लेथमामांच्या मुलीच्या लग्नात मी नाचले. मला नाचता येत नाही.

कलम ६. आता एक कबुली. कारखान्याने मला पितळी पाटी दिली, तेवीस रेघांची कल्पना माझी म्हणून. ती अर्धीच माझी आहे. भिंतीवरचे कडे मी नुसतेच पाहत होते, सुंदर आहे म्हणून. तेवढ्यात लेझरवाले आत आले, थबकले आणि म्हणाले, "बाई, हे रंग उलटे आहेत. लेन्सचं लाल आत पडतं. इथं लाल बाहेर आहे." एवढेच. मग ते चहा प्यायला गेले. पुढचे सगळे त्या वाक्यातून निघाले. एकतीस वर्षे मी हे कोणाला सांगितले नाही, आणि त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. पाटीवर त्यांचेही नाव कोरून ती त्यांना द्यावी. उशीर झाला, याची लाज वाटते.

कलम ७. गच्चीतल्या कुंड्या ज्याला पाणी घालायची आठवण राहते त्याने घ्याव्यात. म्हणजे दादाने नाही.

इथवर लिहून झाल्यावर मी लेझरवाल्यांना साक्षीदार म्हणून बोलावले. वय शहात्तर, पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली. रोज सकाळी फोनवर माझ्याशी हवामानावरून वाद घालतात. ते आले, चष्मा वर करून कागद वाचला. सहावे कलम दोनदा वाचले.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," ते म्हणाले.

"विसरले असते तर बरं झालं असतं," मी म्हटले. "करा सही."

वकीलबाई म्हणाल्या, "थांबा. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये. तुम्हाला पाटी मिळतेय."

ते म्हणाले, "आणि नवऱ्याला होता येतं का?"

"कुणाच्या नवऱ्याला?"

"यांच्या."

"यांना नवरा कुठे आहे?"

"तेच विचारतोय मी," ते म्हणाले, आणि कान लालबुंद झाले.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. मी त्र्याहत्तर वर्षांची बाई, पण मला पदर कुठे ठेवावा ते सुचेना. मी म्हटले, "प्रश्न नीट मांडा. मोजमापं द्या."

"लांबी किती उरलीये, माहीत नाही," ते म्हणाले. "रुंदी तुमच्या गच्चीएवढी पुरे. उंचीवरून वाद घालणार नाही."

"घालाल."

"घालीन," ते म्हणाले.

मी हो म्हटले. भाचीला फोन केला, ती थांब्यावर बस उभी करून इतक्या जोरात ओरडली की मागचे प्रवासी काय झाले म्हणून विचारू लागले. दादा फोनवर गप्पच झाला. म्हटले, आता तीन महिन्यांचा अबोला. मग म्हणाला, "बरं, मी येतो. कपडे काय घालू?"

कलम ८. वकीलबाई सांगतात की लग्नानंतर हा कागद पुन्हा नव्याने केलेला बरा. तोवर, म्हणजे पुढच्या शुक्रवारी लग्न होईपर्यंत, हाच माझा अखेरचा कागद समजावा. शुक्रवारच्या आत मरायचा माझा मुळीच विचार नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकीलगतचे टेबल.
दिनांक: चौदा, सोमवार, सकाळचे सव्वाअकरा.

सही: लेन्सवाली बाई

आमच्या समक्ष सही झाली, आणि आम्हीही एकमेकांसमक्ष सह्या केल्या:

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य. हाक मारल्यावर हातमोज्यांसकट खाली आल्या.

साक्षीदार दुसरे: विजेच्या मीटरचे वाचन घ्यायला आलेले गृहस्थ. आम्हा कोणाला ओळखत नाहीत. सही मृत्युपत्रावर केली, आणि जाताना दारातून अभिनंदन लग्नाचे केले.