मग वासूने काय केलं?

शके १७८५, आश्विन शुद्ध ११

झालं एकदाचं! दत्तकाचा होम झाला, पाणी सोडलं, मुलगा मांडीवर बसला. तेल्हाऱ्याच्या शेषरावाचा तिसरा. शेषराव नात्याने माझा चुलतभाऊ, घरी पोरं फार आणि जमीन थोडी. मुलाचं नाव जनार्दन, जनू म्हणतात. सहा सरून सातवं लागलं आहे.

मुलाची आई, वच्छलावहिनी, विधीला बसल्याच नाहीत. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या म्हणे. मुलगा मात्र रडला नाही. एकदाही नाही! शास्त्रीबुवा म्हणाले, "भाग्यवान आहात, हरिहरपंत. पोर शहाणं आहे."

त्यांनी नवं नाव विचारलं. मी म्हणालो, वासुदेव. मंडपात कुजबुज सुरू झाली. आमचा वासू गेल्या मार्गशीर्षात गेला — आमच्याच वखारीत, कापसाच्या ढिगात खेळता खेळता ढीग अंगावर आला. त्याहून जास्त लिहिणार नाही. पण माझ्या बायकोच्या, ताराच्या जिभेला तेच नाव बसलेलं आहे, ते कशाला बदलायला लावू? आणि खरं सांगायचं तर या युक्तीवर मी स्वतःच खूश होतो. नाव ऐकलं आणि ताराने मान वर केली! वर्षभरात प्रथमच.

जुनं नाव या घरात कुणी काढायचं नाही, असं सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. रीतच आहे ती. स्वयंपाकाच्या गंगूबाई तेवढ्या पुटपुटल्या — "अन् पोरगं इसरलं नाई त?" विसरेल. मुलं विसरतात.

आश्विन वद्य ३

पोराचा काडीचा त्रास नाही. द्याल ते खातो, सांगाल तिथे बसतो. काही मागत नाही. शेजारची मंडळी बघून जातात आणि आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देतात.

आज त्याची वळकटी झाडली तर आतून पोळीचे वाळके तुकडे पडले. मुंग्या लागलेले. गंगूबाईंनी कपाळाला हात लावला. मी हसलो. घरात धान्याची कोठारं भरली आहेत आणि हा वेडा तुकडे लपवतो!

आश्विन वद्य ९

वासूचा जरीचा अंगरखा त्याला बरोब्बर बसला. तारा रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. पण जेवली! पोटभर जेवली.

दिवसभर त्याला जवळ घेऊन वासूच्या गोष्टी सांगत असते. त्यातही "वासू" नाही म्हणत, "तू" म्हणते. "तू एवढासा होतास ना, तेव्हा गोऱ्ह्याला घाबरून ओसरीवरून उडी मारली होतीस." पोरगं डोळे मोठे करून ऐकतं. "मंग म्या काय केलं?" "म्या नाही रे, मी म्हण." "मग मी काय केलं?" की लगेच पुढची गोष्ट.

घरात पुन्हा बोलणं ऐकू येतं आहे. देव पावला म्हणायचं.

कार्तिक शुद्ध १

पाडव्याला शेषराव आला होता. मुलाला बघायला, दुसरं काय. मी हाक मारली, "वासू, कोण आलंय बघ." तो आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "या, काका."

काका! कुणी शिकवलं नव्हतं. तारानेही नाही, विचारलं मी. शेषरावाचं तोंड उतरलं, पण लगेच सावरून म्हणाला, "बरं झालं, दादा. रमलं पोरगं." ताट वाढलं होतं, त्यातली करंजी तेवढी मोडली आणि निघाला. बापाची गाडी वेशीपर्यंत जाईतो मुलाने वळूनही पाहिलं नाही. मला बरंच वाटलं तेव्हा.

दिवे लावताना पाहिलं तर त्याच्या मनगटावर दातांचे वण. स्वतःचेच दात. रक्त आलं होतं. "काय केलंस हे?" तर म्हणतो, "काई नाई."

कार्तिक शुद्ध ६

अमेरिकेतली लढाई काही थांबत नाही, विलायतेला कापूस पुरत नाही, इकडे अमरावतीत रस्त्याने गाड्यांमुळे चालता येत नाही. वकिली कुठल्या कुठे राहिली! आमची वखार आढ्यापर्यंत भरली. मुलगा दारात उभा राहून बघत होता. मी हाताला धरून घरी आणला.

कार्तिक शुद्ध १३

अंगावर काटा येतो आहे.

आमचा वासू लहानपणीच्या तापापासून डावा पाय किंचित ओढायचा. हा मुलगा आज तसाच चालत आला. मी उचलून घेतला, तळवा पाहिला, गुडघा दाबून पाहिला. ना काटा, ना सूज. "दुखतं का?" "नाई." "मग नीट चाल." चार पावलं नीट टाकली आणि पुन्हा पाय ओढायला लागला!

तारा दारातून बघत होती. तोंडावर काय तेज! "अहो, तोच आहे. मी सांगत नव्हते?"

संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी झाली. बायका यायला लागल्या. एकीने त्याच्यापुढे नारळ ठेवला! मी ओरडून सगळ्यांना घालवलं. वैद्य येऊन गेले. म्हणाले वात आहे, काढा द्या. काढा दिला. तोही मुकाट प्याला. कडू लागला का विचारलं, तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काय उत्तर दिलं म्हणजे मला आवडेल, ते शोधत असावा. या मुलाला स्वतःला काय आवडतं हे मला अजून ठाऊक नाही. फार वाईट वाटलं.

कार्तिक वद्य ४

दुपारी कागद बघत बसलो होतो. तो येऊन शेजारी उभा राहिला.

"बाबा, गाडीतून भोपळा पडला अन् फुटला. मी खूप हसलो. मग पुढं काय झालं?"

"मग तू हात धुतलेस, आणि —"

एकदम लक्षात आलं. भोपळा त्याच दिवशी फुटला होता. त्याच सकाळी! वासू हसत हसत गाडीमागे धावला, तो वखारीकडे. ताराने गोष्टी सांगत सांगत त्याला थेट त्या सकाळपर्यंत आणून सोडलं आहे.

"पुढं काही नाही," म्हणालो.

"असंन ना काईतरी."

हलेचना तिथून. शेवटी मीच उठून गेलो.

ताराला स्पष्ट सांगितलं, आता गोष्टी पुरे. ती उसळली — "लेकरू विचारतं तर सांगू नको? मी आई आहे त्याची!" त्याची म्हणजे कुणाची, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

कार्तिक वद्य ११

शास्त्रीबुवांकडे गेलो होतो. नाव बदलता येईल का? निदान चार महिने मुलाला आईकडे ठेवता येईल का? ते चिडले. "पंत, दत्तक म्हणजे उसनं आणलेलं भांडं नव्हे, परत करायला! पाणी सोडलं, गोत्र बदललं. उद्या ती बाई गेली तर तीन दिवस सुतक, तेवढाच काय तो संबंध." मी वकील. मला हे सगळं पाठ आहे. तरी विचारायला गेलो.

येताना वाटलं, एवढ्या मोठ्या विधीत त्या पोराला एक शब्द कुणी विचारला नाही. मीही नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ३

वखारीला नवं कुलूप. किल्ली जानव्याला बांधली आहे. मुकादम नत्थुजीला सांगितलं, मुलाला दाराशी फिरकू देऊ नको. तो मान खाली घालून उभा राहिला.

"मालक, पोरगं रोजच येऊन राह्यलं. काई खेळत नाई, काई नाई. मले इचारते, वासू कोन्या कोपऱ्यात सापडला?"

"तू काय सांगितलंस?"

"म्या कायले सांगू जी? माह्या हातानंच काढलं होतं ना त्या लेकराले. पन त्याले कोनंतरी सांगतलं. बराबर कोपऱ्याकडे पाह्यते."

घरी येऊन ताराला विचारलं. ती निवांतपणे वात वळत होती. म्हणाली, "विचारलं त्याने. सांगितलं."

मार्गशीर्ष शुद्ध १२

डोळ्यांसमोरून त्याला हलू देत नाही. कचेरीतसुद्धा नेतो. लोक हसतात. हसोत!

मार्गशीर्ष वद्य ५

आजचं आजच लिहितो. लिहिलं नाही तर वेड लागेल.

आज वासूला जाऊन वर्ष झालं. मी सकाळपासून मुलाचा हात सोडला नव्हता. दुपारी गाड्या भरायला आल्या, वखार उघडावी लागली. व्यापाऱ्याशी दोन शब्द बोललो असेन — हात रिकामा!

कोपरा मला माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता. नत्थुजी आणि हमाल हातांनी कापूस उपसत होते, मीही उपसत होतो, नाकातोंडात तंतू जात होते. नत्थुजी मोठ्याने रडत होता, "पुन्हा नाई रे देवा, पुन्हा नाई." आधी पाय लागला हाताला. ओढून काढला. ओठ काळेनिळे. नत्थुजीने पालथा घालून पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून कापूस काढला. मग श्वास आला. आला!

डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघता ढिगाकडे बघितलं.

"आला का तो?"

"कोण रे?"

"वासू. म्या आत गेलो ना. आता तो भाईर येईन. मंग म्या मायपाशी जाईन."

हमाल मागे सरकले. तारा धावत आली होती, ती दारात होती. तिने ऐकलं.

मी त्याला छातीशी धरून म्हणालो, "जनू." घरात काढायचं नाही म्हणून मीच बजावलेलं नाव. तो म्हणाला, "ओ." आणि रडायला लागला. दिवेलागणीपर्यंत रडत होता. इतक्या दिवसांचं रडं. मीही रडलो, लपवलं नाही.

मार्गशीर्ष वद्य ६

आजपासून तो जनू. सगळ्यांना सांगितलं, शास्त्रीबुवांना काय म्हणायचं ते म्हणू दे. सरळ चालतो. दुपारी म्हणाला, "मले अजून गूळ पाह्यजे." पहिल्यांदा काही मागितलं! गंगूबाईंनी ढेपच पुढे ठेवली.

तारा जेवली नाही. कालपासून एक शब्द नाही. भिंतीकडे तोंड करून बसली आहे. वच्छलावहिनीही अशाच उभ्या होत्या, नाही का?

मार्गशीर्ष वद्य ८

तारा आज बोलली. हसून बोलली. मी पूजेवरून उठलो तर तिने जनूला न्हाऊ घालून तो जरीचा अंगरखा चढवला होता. केस विंचरत मला म्हणाली, "अहो, त्या दिवशी वखारीत पोरगं खोटं नव्हतं बोलत. पण तुम्ही फार लवकर ओढून काढलंत. ते पुरतं आत गेलंच नव्हतं." आणि वखारीच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

गाडी जुंपायला सांगितली आहे. अकोल्यावरून तेल्हारा. परत देता येत नाही म्हणे — मी देतो आहे! जनू माझ्या मांडीवर आहे, किल्ली जानव्याला आहे. पण ताराला कुणाच्या हवाली करून जाऊ?