पऱ्हाटीवरची राख

अकोला, ४ ऑक्टोबर २०२५

ती. मोठेबाबा यांस,
पायलचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर ऐकू येत नाही असं तुम्ही म्हणता. मोठीआई म्हणते, पोस्टमनकीची पस्तीस वर्षं अजून अंगातून गेलेली नाहीत. खरं काहीही असो, पत्रच लिहिते, कारण काम तुमच्याकडे आहे.

मार्चमध्ये तुमच्या वावरातली पऱ्हाटी आम्ही नेली. अर्धी इथल्या प्रयोगशाळेत ठेवली, अर्धी जर्मनीला पाठवली. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या वाफेत तापवून त्यांतून हायड्रोजन काढायचा, असं आमचं काम. पैसा दोन्ही सरकारांचा, म्हणजे लोकांचाच, आणि अट अशी की दोन्ही देशांनी मिळून संशोधन करायचं. घोडं अडलंय ते इथे: एकाच पऱ्हाटीतून आम्हाला त्यांच्या दीडपट हायड्रोजन मिळतो. तिथल्या प्रमुख हानाबाई सभ्य आहेत, पण मापयंत्र तपासून घ्या असं त्यांनी तिसऱ्यांदा सुचवलं. यंत्र चोख आहे, हे मी छातीठोक सांगते. १७ नोव्हेंबरला दिल्लीत समिती बसते. तोवर फरकाचं कारण सापडलं नाही तर पुढच्या दोन वर्षांचा निधी थांबेल आणि मीही घरी बसेन.

तेव्हा आठवून कळवा: पऱ्हाटी कुठे ठेवली, कशी ठेवली, काही फवारलं का. लोभ आहे तसाच राहू द्या, उत्तर मात्र लवकर द्या.

तुमची,
पायल

वलगाव, ९ ऑक्टोबर

चि. पायल हिस अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र चार दिवसांनी पोचलं. माझ्या वेळी दुसऱ्या दिवशी पोचायचं, पण ते जाऊ दे.

पऱ्हाटी फेब्रुवारीअखेर उपटली, आठ दिवस बांधावर वाळवली आणि गोठ्यामागे गंजी रचली. फवारणी म्हणशील तर नोव्हेंबरनंतर थेंब नाही. तुझी माणसं म्हणाली की आहे तशी द्या, तशीच दिली. दुसऱ्याचं टपाल जसं आलं तसं पोचवलेला हात आहे हा.

हां, तुझ्या मोठीआईने दरवर्षीसारखी थराथरावर राख टाकली होती, उधई-वाळवी लागू नये म्हणून. न्हाणीच्या चुलीतली, म्हणजे मागच्या पऱ्हाटीचीच. ते काही तुझ्या कामाचं नाही, पण सगळं विचारलंस म्हणून लिहिलं.

तिने तुझ्यासाठी तिवशाचं एक स्थळ काढलंय. मुलगा आहे तसाच दाखवणार का, हे आधी विचारून घेतो. तब्येतीस जप.

तुझा मोठेबाबा,
देवराव

अकोला, १३ ऑक्टोबर

ती. मोठेबाबा यांस, सप्रेम जय भीम.

सापडलं! हानाबाईंकडे प्रत्येक नमुना आधी धुतात, आमच्याकडे नुसता झटकून दळतात. काड्यांवरचा करडा थर मी माती समजले. वऱ्हाडातल्या मुलीला पऱ्हाटीवरची राख ओळखू येऊ नये, यावर मोठीआईने खुशाल हसावं. राखेतल्या क्षारांमुळे हायड्रोजन जास्त सुटतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ती राख आमच्याच गंजीत असेल हे मात्र डोक्यात आलं नाही.

आता खरी अडचण. यंदाच्या अहवालात ‘नमुन्यावर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही’ असं लिहिलंय आणि खाली सही माझी आहे. आमचे विभागप्रमुख योगेश सर म्हणतात, गुपचूप धुऊन पुन्हा चाचणी घे, आकडे जुळतील, राखेचं नाव काढू नको. ते वाईट मनाने सांगत नाहीत, निधी गेला तर प्रयोगशाळेला कुलूप लागेल. पण मग आधीच्या आकड्यांचं हानाबाईंना काय सांगू? मला खरं सांगायचंय, आणि भीतीही वाटते. तुम्ही काय म्हणता ते कळवा. माया असू द्यावी.

तुमची,
पायल

वलगाव, १८ ऑक्टोबर

चि. पायल हिस आशीर्वाद.

नोकरी नवी असताना पेढी नदीला पूर आला आणि माझी टपालाची थैली भिजली. सोबतचे म्हणाले, पाकिटं वाळव, वाटून टाक, वर कळू देऊ नको. मी प्रत्येक पाकिटावर शेरा मारला, ‘माझ्या हातून भिजलं’, आणि सही केली. मेमो मिळाला. पण पुढे पस्तीस वर्षांत माझ्या हातच्या टपालावर कुणी शंका घेतली नाही. तूही अहवालावर शेरा मार.

सोबत राखेचे दोन डबे आहेत, एक तुला, एक हानाबाईंना. मोठीआई चाळून देणार होती, मी चाळू दिली नाही. तिचा निरोप ती बोलली तसाच उतरवतो: ‘पोरीले सांगा, भेऊ नोको. राख म्या टाकली, त नाव माह्यं सांग.’

तुझा मोठेबाबा,
देवराव

अकोला, १९ नोव्हेंबर

ती. मोठेबाबा व मोठीआई यांस, सप्रेम जय भीम.

दिल्लीत उभी राहिले आणि आधी राखेचंच सांगितलं. एका सदस्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग आतापर्यंतच्या आकड्यांचं करायचं काय. मी म्हटलं, टाकू नका, त्यांच्यावर शेरा लिहा. मग पडद्यावर हानाबाई आल्या. त्यांना मी आधीच सगळं कळवून डबा पाठवला होता, आणि धुतलेल्या काड्यांत त्यांनी ती राख मिसळून पाहिली होती. आकडा आमच्याएवढाच आला, दीडपट!

दोन वर्षांचा निधी मंजूर झाला, आणि आता राखही संशोधनात आली. योगेश सरांनी परतल्यावर स्वतः चहा पाजला. राख कुणी टाकली हे समितीने विचारलं, तेव्हा मी मोठीआईचं पूर्ण नाव सांगितलं. हानाबाईंनी अक्षर न् अक्षर विचारून लिहून घेतलं. असाच आशीर्वाद पाठीशी असू द्या.

तुमची,
पायल

वलगाव, १२ डिसेंबर

चि. पायल हिस आशीर्वाद व जय भीम.

काल दुपारी जर्मनीहून रजिस्टर पाकीट आलं. सवयीने मी हात पुढे केला. पोस्टमन आता कुंदन आहे, मीच शिकवलेला. म्हणाला, नाव सुंदराबाईंचं आहे, सही त्यांचीच लागेल. पस्तीस वर्षं मी दारोदार हेच सांगत फिरलो.

आत हानाबाईंचं आभाराचं पत्र होतं आणि पुढच्या नमुन्यांचा कागद, ‘नमुना तयार करणार’ या रकान्यात तिचं नाव छापलेलं. या गावाचं टपाल मी पोत्यांनी वाहिलं, पण तिच्या नावाचं हे पहिलंच. मला हे आजवर खटकलं नव्हतं, त्याची काल लाज वाटली. तिने हात धुतले, पदराला पुसले, दोनदा नाव गिरवून पाहिलं आणि मग सही केली.

यापुढे पाकिटावर तिचं नाव आधी लिहीत जा. लोभ दोघांचाही आहे.

तुझी मोठीआई व मोठेबाबा,
सुंदराबाई देवराव वानखडे (सही तिने स्वतः केली आहे)
देवराव