पप्पांचा पाय हलला तेव्हा

हर्षदा बेटा,

मी पर्वत पाटिया भागात सरलामावशीकडे जाते आहे. चार वाजता ती बायकांना घेऊन देवीची गाणी म्हणायला आपल्याकडे येणार आहे, तिला थांबवायचंय. फोनवर हे मला बोलवणार नाही.

सकाळी डॉक्टरांना पप्पांचा पाय हलल्याचा व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, मणक्याला मार बसलेल्यांचे पाय असे आपोआप झटका देतात, ताबा आला असं समजू नका. परवा मी नवरात्राच्या जोतीसमोर हात जोडून बसलेली, पाय उडाला आणि मी गल्लीभर साखर वाटून आले. टेम्पो उलटल्याला अकरा महिने झाले, पण पप्पा पोटभर जेवले ते पाय हलला त्याच दिवशी.

दोन वाजता त्यांची कूस बदल. कंबरेखाली कुठे लाल झालंय का, नीट बघ. लघवीची पिशवी रिकामी कर. जोतीत तूप घाल, ती विझू देऊ नकोस.

डॉक्टर काय म्हणाले, हे ते विचारतील. "आईलाच विचारा" म्हण. माझ्या तोंडून सुरू झालं, तर माझ्याच तोंडून कळू दे. मी तीनच्या आत येते.

आणि कपाट उघडायच्या भानगडीत पडू नकोस. सकाळपासून ते नव्या चपला काढून मागताहेत. किल्ली सापडत नाही, असं मी उपासाच्या दिवशी खोटं बोलले. किल्ली माझ्या पदराला बांधलेली आहे.

आई