एका फाटकाला दोन कुलपं

सोम. ३ नोव्हें.
वही उघडली की आधी सगळ्यांची विचारपूस, मग बाकीचं. शालूचा डोळा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला, लाली गेली, पाणी अजून येतं. लेकीची पाठ? फोनवर 'बरी आहे' म्हणते, म्हणजे नाही. नात मुक्ता दिल्लीला हॉस्टेलवर, तिचा खोकला? आणि आमचे गुडघे? त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. चाललंय.

शालू धाकटी बहीण. शेजारच्या सोसायटीत एकटीच असते. दोन सोसायट्यांच्या मधल्या भिंतीत छोटं फाटक आहे, त्यातून जाऊन मी तिच्या डोळ्यात ड्रॉप घालतो. तिचा हात कापतो, स्वतः घालता येत नाहीत. आज फाटकाला आमच्या बाजूने कुलूप. सेक्रेटरी पाटकरांना विचारलं. "काका, सेफ्टी." बस, एवढंच.

मेन रोडने वळसा घालून गेलो. फुटपाथवर बाइका, खाली रिक्षा. शालू दारातच उभी. "दादा, आज उशीर?" आधी ड्रॉप घातले.

गुरु. ६ नोव्हें.
प्रकरण कळलं. शालूच्या सोसायटीत बाइकमधलं पेट्रोल चोरीला गेलं, म्हणून त्यांनी कॅमेरा लावला. कॅमेऱ्याचं तोंड आमच्या जिन्याकडे. आमच्या लोकांना वाटलं, आपल्या बायकामुलींवर नजर. आम्ही भिंतीवर पत्रे ठोकले, फाटकावरही एक तारेने बांधला. त्यांना वाटलं, पत्र्याआड काहीतरी शिजतंय. त्यांनी हॅलोजन लावला, तो थेट आमच्या पहिल्या मजल्याच्या बेडरूममध्ये. मग आमचं कुलूप. आज त्यांनीही त्यांच्या बाजूने दुसरं लावलं. शिकलेसवरलेले लोक दोन्हीकडे. शिसारी येते.

मुक्ताला फोनवर सांगितलं तर पोरगी खूश. आंतरराष्ट्रीय राजकारणात एम.ए. करतेय ना. "आजोबा, हे तर आमच्या पुस्तकातलं. देशांच्या डोक्यावर पोलीस नसतो, म्हणून प्रत्येक जण स्वतःपुरती तयारी करतो. शेजाऱ्याला ती हल्ल्याची तयारी वाटते. मग तोही करतो. शेवटी दोघंही आधीपेक्षा जास्त घाबरलेले."
"आणि यात वाईट कोण?"
"कोणीच नाही. रचनाच तशी असते."
कोणीच नाही म्हणे. मग शालूच्या डोळ्यात ड्रॉप घालायला रचनेला पाठवू?

रवि. ९
मुक्ताने नोट्स मराठीत करून पाठवल्या. छापखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवत आलो, कळलं नाही तर पुन्हा वाचायची सवय आहे. सत्तेचा समतोल: एक जड झाला की बाकीचे मिळून दुसऱ्या पारड्यात बसतात, नाहीतर सरळ जडाच्या मांडीवर जाऊन बसतात. हे तर आमच्या गेटजवळच्या बाकावर रोजचं. पुढे, एक मत असं की देशाला बळ कधी पुरत नाही, मिळेल तेवढं ओढावं. दुसरं मत, फार ओढलं की सगळे अंगावर येतात, बेताने घ्यावं. भूक दोघांना मान्य, वाद फक्त ताट केवढं यावर.

मग टीव्ही लावला. मोठ्या देशाचा कुणी साहेब लहान देशाला अक्कल शिकवत होता, बाजूच्या चौकटीत पडलेली घरं. बंद केला. जेवण गेलं नाही.

बुध. १२
गुडघा सुजला. दुपारचे ड्रॉप हुकले. तर ही बया स्वतःच निघाली, काळा चष्मा लावून, मेन रोडने. रिक्षाचा आरसा दंडाला घासून गेला. वर आली ती हसतच. "अरे, त्या बाजूने काही दिसतच नाही मला." तिला खुर्चीत बसवून ड्रॉप घातले.

रवि. १६
जनरल बॉडीत उभा राहिलो. म्हटलं, त्यांनी भीतीपोटी केलं, आपणही भीतीपोटी करतोय, आणि दोघांची भीती वाढतेय. डोक्यावर पोलीस नसला की असं होतं.

पाटकरांनी शांतपणे ऐकलं. "बघा, काकांसारखा वाचणारा माणूस सांगतोय. डोक्यावर कोणी नाही, ज्याने त्याने आपलं बघायचं. तेव्हा भिंत वाढवू या." टाळ्या. मागून एक भाई, "अंकलने क्या सही बोला." मी "अहो, उलटं सांगतोय" म्हणेपर्यंत समोसे आले.

मुक्तावर चिडलो. "तुझ्या पुस्तकाने माझ्या तोंडून भिंत वाढवली."
"आजोबा, पुस्तक असं वागा म्हणत नाही. लोक असे वागतात, एवढंच म्हणतं."
"मग ते वाचून लोक आणखी तसेच का वागतात?"
मग हळूच म्हणाली, आणखीही एक विचार आहे. शत्रू कोणी आधीपासून नसतो, एकमेकांशी वागता वागता ठरत जातो.
"हे आधी नाही सांगायचं?"
"त्याला मार्क कमी असतात."

मंगळ. १८
पाटकर घरी आले. टेबलावर किल्ली ठेवली. "काका, फक्त तुमच्यापुरती. कोणाला बोलू नका." माणूस वाईट नाही. आमची ही गेली तेव्हा हॉस्पिटलात माझ्याशेजारी बसून होते. चहा दिला. पण किल्ली टेबलावरच राहू दिली.

आणि पलीकडच्या सोसायटीचं कुलूप आहेच. शालूला फोन केला.
"दादा, तू आधी उघड, मग मी आमच्या चेअरमनना सांगते."
"तू आधी विचार. मी उघडलं आणि त्यांनी नाही उघडलं तर?"
"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"
"तुझ्यावर आहे. तुझ्या सोसायटीवर नाही."
फोन ठेवल्यावर कळलं आपण काय बोललो. सख्ख्या बहिणीशी. इतके दिवस पाटकरांची किळस येत होती, आता स्वतःचीच.

गुरु. २०
सकाळी बाकावर सगळे बसलेले असताना गेलो. आमचं कुलूप उघडलं, उघडंच कडीला लटकवलं. तार सोडून फाटकावरचा पत्राही बाजूला केला. किल्ली पाटकरांच्या हातात दिली. "गुपचूप नाही जमायचं मला. सांगून उघडलंय."
"काका, अशाने आपण कमजोर दिसतो."
"दिसू द्या. ड्रॉप घालायला ताकद लागत नाही."
किल्ली खिशात टाकली त्यांनी. "संध्याकाळपर्यंत थांबतो. त्यांनी नाही उघडलं तर पुन्हा लावीन. मलाही लोकांना तोंड द्यायचंय."

पलीकडून शालू आली, गजांना गाल लावून उभी राहिली. "वर बघ." "बघतेय, भिंतीवरचा तुमचा पत्राच दिसतोय." गजांतून हात घालून ड्रॉप घातले. दोन्हीकडच्या बाल्कन्या भरलेल्या. त्यांचे चेअरमन खाली आले, हात मागे बांधून बघत राहिले. "कमिटी से बात करता हूँ." गेले ते अजून आले नाहीत. दुपार टळली.

मुक्ता, या पानांचे फोटो काढून पाठवतोय. ज्याने आधी कुलूप काढलं त्याचं पुढे काय होतं, ते तुझ्या कमी मार्कांच्या धड्यात शोध. शालूचे पुढचे ड्रॉप सहाला आहेत, आणि पाटकरही त्याच सुमारास खाली उतरतात. तेव्हा उत्तर लवकर लिही, बाळा.