पाय टेकायचा नाही

प्रिय भाग्यूचे पप्पा,

पत्र पाहून छातीत धस्स होऊ देऊ नका. घरी सगळे खुशाल आहेत. मामाजींचा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय, म्हैस गाभण आहे आणि कापसाची दुसरी वेचणी निम्म्यावर आली आहे. राहीबाईंचा महिपत परवा मस्कतला परत निघतोय, तुमच्याच कॅम्पात, म्हणून त्याच्याजवळ जवसाची चटणी, ज्वारीचे पापड आणि हे पत्र देते आहे. फोनवर का नाही बोलले, असं तुम्ही विचाराल. अहो, फोन धरला की मागून मामाजी लेकाला पाहायला डोकं घालतात, शेजारच्या सखूबाई 'मले बी पाहू द्या' म्हणत येतात आणि तुमचा चेहरा नेमका तोंड उघडं असताना थिजतो. तशा चेहऱ्याला माणूस मनातलं काय सांगणार? गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात, यंदा सुटी घेत नाही, कंत्राटदार थांब म्हणतो, पुढच्या वर्षी पाहू. भाग्यू 'बरं' म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन निघून गेली. त्या 'बरं'बद्दल मला बोलायचं आहे, पण शेवटी. आधी तुमच्या मोटारसायकलची हकिकत ऐका. ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उभे असाल तर खाली बसा.

मागच्या खेपेला जाताना तुम्हीच सांगून गेला होता की आठ दिवसांतून एकदा गाडीला किक मारून ठेव, नाहीतर बॅटरी जाईल. मी आज्ञाधारक बाई. किक मारू लागले. मग वाटलं, सुरू केलीच आहे तर गोठ्यापासून फाटकापर्यंत न्यावी. फाटकापर्यंत गेली तर पुढे धुऱ्यापर्यंत. पण वेगाची मला भारी भीती, म्हणून पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पायांनी. धुऱ्याच्या अरुंद बांधावर एका अंगाला कापूस, दुसऱ्या अंगाला खोल नाली, पाय टेकायला जागाच नाही, तेव्हा पायदानावर उभी राहून तोल सांभाळत जायची सवय लागली. विहिरीवरून डोक्यावर हंडे आणून मान आणि कंबर तयार झालेली होतीच. भाग्यू मागून चालत यायची आणि हसून हसून वाकायची. म्हणायची, "मम्मी, मी पायी चालून तुह्या पुढं जाऊन राह्यली." मग तीही शिकली. रस्त्यावर नाही हं, आपल्याच वावरात.

भाग्यूच्या शाळेत कवायतीचे नवे सर आलेत, अवधूत सर. मूळचे आदिलाबादचे, वडील कचेरीत पेशकार होते. मुलांच्या घरी भेटी देत फिरत होते, तेव्हा त्यांनी मला धुऱ्यावर पाहिलं. मी तुमची जुनी खाकी पँट घातलेली, पायात फवारणीचे रबरी बूट, डोक्याला हेल्मेट, वर पदरासारखी बांधलेली ओढणी. मला वाटलं आता हे हसणार. ते म्हणाले, "ताई, ह्याचा खेळ असतो." मी विचारलं, कशाचा? तर म्हणे गाडी हळू चालवायचा. तो ट्रायल्स नावाचा खेळ आहे. दगड, ओंडके, ओढा, चढ, असं सगळं पट्ट्या बांधून आखलेलं असतं आणि त्यातून पाय न टेकता गाडी न्यायची. पाय टेकला की एक गुण चढतो. पडलं किंवा पट्टीबाहेर गेलं की पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकला. मला तर हे ऐकून गंमतच वाटली. आयुष्यभर मला सगळे 'किती हळू करतेस, किती हळू करतेस' म्हणत आले, तुम्हीसुद्धा, आणि इथे त्याचंच बक्षीस!

तेव्हापासून दर रविवारी आम्ही नेरडीगोंड्याच्या पुढे जुनी बंद पडलेली खदान आहे ना, तिथे जातो. मोटारसायकल रस्त्याने न्यायची नाही असा सरांचा नियम, म्हणून ती बैलगाडीत घालून नेतो. मामाजी कासरा धरतात. हायवेवरचे लॉरीवाले मान वळवून वळवून पाहतात. बैलगाडीत मोटारसायकल, तिला टेकून बसलेल्या मायलेकी, पुढे म्हातारा. सखूबाई म्हणाल्या, "बाईनं गाडी शिकाची त बाजाराले तरी जाव, हे दगडावर काऊन चढून राह्यली?" मी म्हटलं, बाजार कुठे पळून जातोय.

आता जरा जड बातमी. तुमच्या गाडीची सीट काढली आहे. पूर्ण वेळ उभंच राहायचं असतं, सीट आडवी येते. मागचा मडगार्डही काढला, साखळीची मागची चकती मोठी बसवली आणि टायरातली हवा इतकी कमी ठेवतो की तुम्ही पाहिलीत तर आधी पंपच शोधाल. सगळं काढलेलं सामान जपून ठेवलंय, एक नटसुद्धा हरवला नाही. सीट मात्र मामाजींनी ओसरीत विटांवर मांडली आहे आणि तिच्यावर बसून ते चहा पितात. म्हणतात, पोरानं कमावलेल्या गादीवर बसून राह्यलो. तेव्हा रागवायचं असेल तर त्यांच्यावर रागवा, माझी हिंमत होत नाही.

पोळ्याची गंमत तर तुम्हाला कोणीच सांगितली नसेल, मामाजींनी तोंडं बंद ठेवायची ताकीदच दिली होती. खांदशेकणीच्या संध्याकाळी त्यांनी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळले, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं आणि मग वाटी घेऊन थेट मोटारसायकलकडे गेले. ती पण या घरचं राबणारं जनावर, असं त्यांचं म्हणणं. पण तिचा खांदा कोणता? आम्ही नुकत्याच धुऱ्यावर फेऱ्या मारून आलो होतो. त्यांनी गाडीला सगळीकडे हात लावून पाहिला. इंजिनाला हात लावून चटका बसला, ते सोडलं. मग पुढच्या चाकाला ती चकाकती ब्रेकची थाळी आहे, ती कोमट लागली. जिथं अंग तापते तिथं भार पडते, बैलाचं तसंच असते, असं म्हणून त्यांनी तिच्यावर दोन्ही बाजूंनी लोणी-हळद मनसोक्त चोळली. आवतणही दिलं. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत तशी गाडीलाही सुटी मिळाली, पुरणपोळीचा घास हँडलला लागला, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी, रविवारी. खदानीतून ओढ्याकडे एक उतार जातो. खाली गुडघाभर पाणी आणि पलीकडे काळ्या दगडाचा उभा काठ. त्या काठावर आम्ही कधीच चढलो नव्हतो. भाग्यू उताराला लागली की दर वेळी भीतीने पुढचा ब्रेक दाबायची, पाण्याच्या तोंडाशी गाडी थांबायची, पाय टेकायचा, संपलं. त्या दिवशीही दाबला, पण लोण्यावर काय थांबणार? गाडी सरळ पाण्यात गेली. मी किंचाळले. सरांसोबत शाळेतली पोरं आली होती, ती तेलुगूतून ओरडत होती, "कालु पेट्टकु, कालु पेट्टकु!" म्हणजे पाय टेकू नको. आणि तिने नाही टेकला. पाणी दोन्ही बाजूंना उडालं, तिने एक्सलेटर दिला आणि अशी सरसर त्या काठावर चढून गेली की वर पोचल्यावर तिलाच खरं वाटेना. वर उभी राहून ओरडली, "मम्मी, ब्रेक लागूनच नाई राह्यला!" आणि हसत सुटली. सर धावत गेले, चाक पाहिलं, बोट लावलं, वास घेतला आणि मामाजींकडे वळून पाहिलं. मामाजी बैलाचं शेपूट निरखत होते.

मी मात्र खूप रागावले, खोटं कशाला सांगू. पडली असती तर? मामाजींचा चेहरा इतका उतरला की मग मलाच वाईट वाटलं. संध्याकाळभर ते साबणाच्या पाण्याने ती थाळी घासत बसले होते. सरांनी ब्रेकचे पॅड बदलले आणि सगळं ठीकठाक आहे ना ते स्वतः तपासलं. पण पुढच्या रविवारी भाग्यूने ब्रेक चांगला असूनही त्याला हात न लावता तोच काठ पुन्हा चढून दाखवला. तेव्हापासून मामाजी गावभर सांगतात की नात चढली ती माझ्या लोण्यानं.

मी तो काठ अजून चढलेली नाही. पाण्यापर्यंत जाते आणि पाय आपोआप खाली येतो. पण ओंडक्यावरून मी तिच्यापेक्षा चांगली जाते, हे तिलाही कबूल आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्याच खदानीत सरांचं मंडळ सामने भरवतंय आणि त्यात एक गट आई किंवा बाप आणि लेकरू, असा जोडीचा आहे. दोघांनी एकामागून एक त्याच वाटेने जायचं, दोघांचे गुण एकत्र धरायचे. आमचं नाव दिलंय. हैदराबादहून खऱ्याखुऱ्या ट्रायल्सच्या गाड्या घेऊन लोक येणार आहेत म्हणे. येऊ देत, लोणी आमच्याकडेच आहे.

आता त्या 'बरं'कडे येते. या खेळात अवघड दगडापाशी चालवणाऱ्याचा एक माणूस उभा राहू शकतो. तो गाडीच्या अगदी जवळ, दोन्ही हात पुढे करून, गाडी उलटलीच तर सावरायला. पण नियम असा की गाडी उलटायच्या आधी त्याचा हात लागला, गाडीला किंवा माणसाला, तर थेट पाच गुण. हात पुढे ठेवायचे आणि लावायचे नाहीत. मी भाग्यूसाठी उभी राहून पाहिलं. माझे हात ऐकतच नाहीत हो. चाक जरा हललं की जाऊन तिला धरतात. दर वेळी पाच. मामाजी उभे राहिले तर बैलांना ओरडतात तसे 'हो हो हो' ओरडायला लागतात, मग ती हसते आणि पडते. सरांना इतरांचं पाहायचं असतं. मग सरांनीच विचारलं, तुझ्यासाठी कोण उभं राहील? तिने क्षणभरही विचार केला नाही. तुमचं पूर्ण नाव सांगून टाकलं. घरी येताना बैलगाडीत मी तिला विचारलं, पप्पाच काऊन गं? तर म्हणाली, "त्यायले सवय हाय. ते किती वर्षांपासून हात न लावता पाहून राह्यले." तिने ते वाईटपणाने म्हटलं नाही हो. दगड चढताना कोणता गिअर टाकायचा ते सांगावं तसं सहज म्हणाली. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती, आता नववीत आहे. मी तोंड फिरवून कापसाकडे पाहत बसले.

म्हणून हे पत्र. रविवारी तुमचा फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, आता दुसरं कोणाचं तरी नाव देऊ. सखूबाईंचा गोपाल आहे, दणकट आहे. ती म्हणाली, "नोको. पप्पा नाई आले त ती जागा खाली राहीन." आणि शेण काढायला निघून गेली. अहो, मी तुम्हाला कधी सुटी घ्या म्हटलं नाही. तुम्ही या म्हणालात तेव्हा आनंद केला, नाही म्हणालात तेव्हा मीही 'बरं'च म्हटलं, मलाही तेच येतं. पण या वेळी बरं म्हणत नाही. कंत्राटदाराला सांगा, घरी काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला जमत नाही. दर खेपेसारखी जीप करून सगळं घर हैदराबादला तुम्हाला घ्यायला येणार नाही, आम्हाला सराव आहे. विमानतळावरून बस धरा, नेरडीगोंड्याला उतरा, मामाजी बैलगाडी घेऊन उभे असतील, बसायला तुमचीच सीट आणतील. सामन्याच्या दिवशी काळ्या दगडापाशी उभे राहा, हात पुढे करून. ती पलीकडे चढून गेली, की मग नियम संपतो. मग तिला पोटभर जवळ घ्या.

तुमचीच,
सुनयना